शिक्षकांसाठी पदार्थविज्ञान : लिलियन मॅकडरमॉट यांचे कार्य

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाची घडण ही शिक्षणशास्त्र विभागाची बाब आहे, असे गृहीत धरून पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तिच्यापासून दूर राहत असत, त्या काळात अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅकडरमॉट (१९३१–२०२०) यांनी ही जबाबदारी मुळात पदार्थविज्ञान विभागाची आहे, अशी भूमिका घेतली आणि ती आयुष्यभर निष्ठेने पार पाडली. कोलंबिया विद्यापीठातून १९५९ साली डॉक्टरेट मिळवलेल्या मॅकडरमॉट यांनी अर्नल्ड ॲरन्स यांच्यासमवेत भावी शिक्षकांचे वर्ग घेण्यास सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली या विभागात एक संशोधन गट उभा राहिला. विद्यार्थ्यांची समज नेमकी कोठे अडते, या विषयावर पदार्थविज्ञानाचीच डॉक्टरेट मिळू लागली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

या संशोधनाचे स्वरूप एका प्रश्नावरून स्पष्ट होते. पहिल्या परिपथात घटाला एकच दिवा जोडलेला आहे, दुसऱ्यात दोन दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक, आहेत आणि तिसऱ्यात दोन दिवे समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक दिवा घटाच्या दोन्ही टोकांशी थेट जोडलेला, असे आहेत. सर्व दिवे सारखे आणि घटही सारखेच व आदर्श असतील, तर दिव्यांचा प्रखरतेनुसार क्रम कसा लागेल? एकटा दिवा आणि समांतर जोडणीतील दोन्ही दिवे सारखेच प्रखर असतात, तर एकसर जोडणीतील दोन्ही सारखेच मंद. यात आकडेमोड काहीच नाही. तरीही मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्युतशास्त्राचा नेहमीचा पाठ्यक्रम शिकलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के विद्यार्थ्यांनाच हा क्रम लावता आला. पहिला दिवा काही विद्युतधारा खर्च करून टाकतो, किंवा घट प्रत्येक परिपथात ठरावीकच धारा पुरवतो, या समजुती सूत्रे पाठ होऊनही जागच्या जागी राहिल्या होत्या. शाळेतील शिक्षकांची उत्तरेही फारशी वेगळी नव्हती, आणि खरी चिंतेची बाब हीच होती, कारण शिक्षकाच्या मनातील गैरसमज वर्गावर्गांतून पुढे जात राहतो.

म्हणूनच, विषय एका विभागात आणि अध्यापनपद्धती दुसऱ्या विभागात शिकवून शिक्षक तयार होत नाही, त्याच्यासाठी विज्ञान विभागांनी स्वतंत्र पाठ्यक्रम चालवले पाहिजेत, असे त्यांनी १९९० च्या एका लेखात आग्रहाने मांडले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिजिक्स बाय इन्क्वायरी’ या त्यांच्या पाठ्यसामग्रीत व्याख्यानांना जागा नाही. एक घट, एक दिवा आणि तारेचा एकच तुकडा घेऊन दिवा पेटवून पाहण्यापासून शिक्षक आरंभ करतात, छोट्या गटांत निरीक्षणांवरून नियम बांधतात, आणि मार्गदर्शक उत्तर न सांगता पुढचा प्रश्न विचारतो. या पद्धतीला वेळ फार लागतो आणि थोडेच घटक शिकवून होतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु शिक्षकाला जे स्वतःला उमगलेले नाही ते त्याने घाईने शिकवावे, यापेक्षा ही किंमत नक्कीच कमी आहे. पदार्थविज्ञानाच्या अध्यापनातील कार्यासाठी दिले जाणारे ओर्स्टेड पदक अमेरिकेतील पदार्थविज्ञान शिक्षकांच्या संघटनेने २००१ साली त्यांना प्रदान केले.