व्याजाची सवलत कोणाच्या दारात?

घरकर्जाच्या व्याजावर सरकार सवलत देते, म्हणजे जनतेच्या पैशातून काहींचा हप्ता भरते. हा पैसा कोणाच्या घरात जातो, हे आंबेडकरी समाजाने विचारलेच पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. शहरात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान होते. २०१७ पासून ही सवलत १८ लाख उत्पन्नापर्यंत वाढवली गेली. परिणाम काय झाला? १८ लाख कमावणाऱ्या साहेबाच्या फ्लॅटला केंद्राचे २ लाख ३० हजारांपर्यंत. आणि स्वतःच्या जागेवर पत्रे काढून पक्के घर बांधणाऱ्या मजुराला त्याच केंद्राचे दीड लाख! झोपडपट्टी पुनर्विकासात तर घरामागे १ लाखच. साहेबांची ही सवलत २०२१ मध्ये बंद झाली, पण तिजोरीचा कल कोणीकडे झुकतो ते दिसून गेले.

सप्टेंबर २०२४ पासून दुसरा टप्पा आला. उत्पन्नाची मर्यादा ९ लाखांवर आणली, हे योग्यच झाले. आता सवलत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे आज मंजूर झालेले अनुदान पुढच्या अर्थसंकल्पांवरही बोजा टाकते. असा पैसा आधीच बांधला गेला की कात्री कुठे लागते? राज्याचा अनुभव ताजा आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी 'लाडकी बहीण'कडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच केली!

आता नाशिककडे पाहा. सातपूर-अंबडमधला कंत्राटी कामगार, नाक्यावरचा बिगारी, ठेक्यावरचा सफाई कामगार यांच्याकडे पगारपत्रक नाही, वस्तीतल्या जागेचा उतारा नाही. कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सवलत नाही. योजनेच्या नियमात जात कुठेच आडवी येत नाही. ती उताऱ्यात आणि पगारपत्रकात लपलेली असते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेतही अर्ज जागेच्या कागदापाशीच अडतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. आधी वस्तीतील जागा राहणाऱ्याच्या नावावर करा. व्याज-सवलत घेणाऱ्यांची जातवार संख्या दरवर्षी जाहीर करा. अनुसूचित जाती घटक योजनेचा पैसा वळवता येणार नाही असा कडक कायदा करा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्येच या निधीसाठी कायदे केले. संविधानाचे कलम ४६ दुर्बल घटकांच्या आर्थिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकते. ती मेहेरबानी नव्हे!

बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही मात्र अर्थसंकल्पाच्या दिवशी स्वस्त काय, महाग काय एवढेच वाचतो. ही सवय मोडा. प्रत्येक वस्तीतून माहिती अधिकाराचा अर्ज गेला पाहिजे: आमच्या वॉर्डात किती घरांना व्याज-सवलत मिळाली, त्यांत आमची किती? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह सुरू करणाऱ्या नाशिकला तिजोरीचे बंद दारही ओळखता आले पाहिजे.

जयभीम!