तंबाखूमुक्ती : पादांशिक क्रम आणि संशोधनाची कसोटी

तंबाखू सोडविणारे औषध आयुर्वेदात आहे काय, हा प्रश्न रुग्ण व त्याचे आप्त आपल्याला नेहमी विचारतात. औषधालयात तो अधिक थेट येतो. "गुटखा सुटेल असे काही द्या" एवढेच ग्राहक म्हणतो. त्यावर आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक तर एखादे चूर्ण खात्रीपूर्वक हाती दिले जाते, नाही तर "मनाचा निश्चय करा" म्हणून रुग्णाची बोळवण होते. या दोन्ही उत्तरांत चिकित्सा नाही. व्यसनमुक्तीवर गेल्या अर्धशतकात झालेल्या संशोधनातून आपल्या शास्त्राने काय घ्यावे आणि आपल्याजवळचे काय जपावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रश्नाचे स्वरूप

सन २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ४ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या प्रांतातील मुख्य व्यसन विडी-सिगारेटचे नसून चुना-तंबाखूचे, गुटख्याचे आणि मिश्रीचे आहे. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला व्यसन मानीत नाहीत, दात घासणेच समजतात. म्हणून "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देतात. मिश्रीविषयी स्वतंत्रपणेच विचारावे लागते.

संहिता आणि तंबाखू

तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली, त्यामुळे बृहत्त्रयीत तिचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही. "आयुर्वेदातही धूमपान सांगितले आहे" असा युक्तिवाद काही रुग्ण करतात. चरकाचार्यांनी दिनचर्येत सांगितलेले धूमपान औषधी द्रव्यांच्या वर्तीचे असून त्याचे काल, मात्रा व निषेध ठरलेले आहेत. त्याचा तंबाखूशी काहीही संबंध नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या विड्याही निर्धोक नव्हेत. कोणतीही वनस्पती जळली की कार्बन मोनॉक्साइड आणि टार निर्माण होतातच.

सवय शरीरात कशी रुजते

धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील विशिष्ट ग्राहकांशी त्याचा संयोग होऊन डोपामाइन हे सुखसंवेदनेशी निगडित द्रव्य स्रवते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते आणि मन पुन्हा मागणी करू लागते. सेवन थांबविल्यावर चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव आणि भूक वाढणे ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती तीव्र असतात व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. आपल्या परिभाषेत हे अहितकर द्रव्याचे ओकसात्म्य होय. प्रज्ञापराधाने सुरू झालेले सेवन पुढे देहाची गरज होऊन बसते, म्हणूनच केवळ उपदेश अपुरा पडतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली तंबाखू लागत असेल, तर अवलंबित्व तीव्र समजावे.

दोन वनस्पती, दोन निष्कर्ष

वनस्पतीज औषधांच्या संशोधनातील दोन उदाहरणे आपल्याला विशेष बोधप्रद आहेत.

पहिले ओट्सचे. हिरव्या ओट्सच्या काढ्याने अफूचे व्यसन सुटते, असा भारतातील एका वैद्याचा अनुभव होता. त्यावरून सी. एल. आनंद यांनी स्कॉटलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या मोजक्या व्यक्तींवर ओट्सच्या अर्काचा प्रयोग केला. सिगारेटची संख्या घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९७१ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वैद्याच्या अनुभवाला मिळालेला हा मोठाच मान होता. परंतु १९७४ साली इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ओट्सचा परिणाम दिसून आला नाही.

दुसरे उदाहरण लॅबर्नम या युरोपीय वृक्षाच्या बियांतील सायटिसिन या अल्कलॉइडचे. निकोटीनच्याच ग्राहकांना ते अंशतः उत्तेजित करते, त्यामुळे तलफ शमते आणि तंबाखूचा आनंदही उणावतो. बल्गेरियात १९६० च्या दशकापासून ते वापरात होते, मात्र जगाने त्याची फारशी दखल घेतली नव्हती. पोलंडमध्ये ७४० व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर सायटिसिन घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के व्यसनमुक्त राहिले होते. व्हॅरेनिक्लिन हे आधुनिक औषधही सायटिसिनच्या रचनेवरूनच विकसित झाले आहे.

येथे औषधालयचालकांना एक इशारा देणे अगत्याचे वाटते. इंग्रजीत 'इंडियन लॅबर्नम' म्हणतात तो आपला बहावा, म्हणजेच आरग्वध. त्याचा मूळ लॅबर्नमशी गुणधर्मांत काहीही मेळ नाही आणि त्यात सायटिसिन नाही. नामसाधर्म्यावरून योग बनविण्याचा मोह टाळावा. मूळ लॅबर्नमच्या बिया तर विषारी आहेत.

या दोन कथांचा बोध असा की, अनुभव हा संशोधनाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या तंबाखूमुक्तीच्या मार्गदर्शक तत्त्वांत समुपदेशनासह निकोटीन प्रतिस्थापन, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपियॉन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे. पारंपरिक उपचारांविषयी मात्र पुरेसा पुरावा नाही, असे तेथे नमूद आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी ही द्रव्ये निद्रा व मनःस्वास्थ्यासाठी आपण जरूर योजावी, पण "तंबाखू सोडविणारे औषध" म्हणून त्यांची जाहिरात करू नये.

पादांशिक क्रम

अहितकर सवय एकदम न सोडता पादापादाने सोडावी आणि सोडलेल्या अंशाच्या जागी हितकर गोष्ट रुजवावी, हा क्रम चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. तंबाखूला तो लागू पडतो काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत ६९७ धूम्रपान करणाऱ्यांचे दोन गट केले होते. एका गटाने ठरलेल्या दिवशी सिगारेट एकदम सोडली. दुसऱ्या गटाने आधीच्या दोन आठवड्यांत ती प्रथम निम्म्यावर, मग पाव भागावर आणली आणि नंतर सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर क्रमाने सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के मुक्त होते. सहा महिन्यांनी हेच प्रमाण २२ व १५.५ टक्के होते. मात्र २०१९ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दीर्घकालीन यशात दोन्ही पद्धतींत ठळक अंतर आढळले नाही.

यावरून पादांशिक क्रम चुकीचा ठरत नाही, परंतु त्याचा आपण करतो तो ढिला अर्थ निश्चितच चुकीचा ठरतो. "हळूहळू कमी करतो" असे वर्षानुवर्षे म्हणणे म्हणजे पादांशिक क्रम नव्हे. क्रमाला अवधी आहे आणि अंत आहे. त्यातील दुसरा भाग, म्हणजे रिकाम्या जागी हितकर गोष्ट रुजविणे, आपण बहुधा विसरतो. सबब आमची भूमिका अशी : सोडण्याची तारीख प्रथम ठरवावी. निश्चयी रुग्णाने त्या दिवशी एकदम सोडावे. ज्याला ते जमत नाही त्याला दोन आठवड्यांचा लेखी क्रम द्यावा, पण तारीख तीच राहील.

मद्याची गोष्ट वेगळी आहे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास आकडी व प्रलाप संभवतात आणि प्राणावर बेतू शकते. असा रुग्ण रुग्णालयातच पाठवावा.

चिकित्सालयात काय करावे

लंडनमधील २८ सर्वसाधारण चिकित्सकांच्या रुग्णांवरील अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. चिकित्सकाने एक-दोन मिनिटे सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा चौकशी करू असे सांगितले, तर ५.१ टक्के रुग्ण वर्षभर मुक्त राहिले. काहीच न सांगितलेल्या गटात हे प्रमाण ०.३ टक्के होते. आकडा लहान दिसतो, पण खर्च दोन मिनिटांचा आहे आणि आपल्याकडे रोज येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे.

प्रत्येक रुग्णास तंबाखूविषयी विचारावे व उत्तर केसपेपरवर नोंदवावे. मुख तपासावे. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारा व्रण किंवा तोंड कमी उघडणे आढळल्यास विलंब न करता तज्ज्ञाकडे पाठवावे. तोंडाच्या सवयीला पर्याय म्हणून बडीशेप, वेलची, लवंग वा आवळकाठी द्यावी. सुपारी मात्र देऊ नये, कारण तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा भेट ठेवावी. अवलंबित्व तीव्र असल्यास निकोटीन प्रतिस्थापनासाठी पाठविण्यात कमीपणा मानू नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेचा क्रमांक भिंतीवर लावावा. धूम्रपान सोडल्यावर थिओफायलिनसारख्या काही औषधांची रक्तातील पातळी वाढते, म्हणून दमेकऱ्याची चालू औषधे अवश्य विचारावी.

पुनरावृत्ती झाल्यास रुग्णास दोष देऊ नये. सोडलेले मद्य सहसा पुन्हा अति सेवन केल्याने होणाऱ्या ध्वंसक व विक्षय या व्याधी चरकाचार्यांनी मदात्ययात वर्णिल्या आहेत. व्यसन परतते, हे आपल्या आचार्यांना ठाऊक होते. नवी तारीख ठरवावी आणि चिकित्सा पुढे चालवावी.

औषधालयचालकांसाठी

रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळण्याची चूर्णे विकू नयेत. ज्याचे व्यसन त्याची संमती नसेल, तर सत्त्वावजय घडणार कोठून? कामिनी विद्रावण रसासारख्या अहिफेनयुक्त कल्पांची विक्री वैद्याच्या लेखी सूचनेविना करू नये. त्यांचेच व्यसन लागते आणि अनुसूची 'ई-१' मधील द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते ती याचसाठी.

वयाच्या तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि साठाव्या वर्षीही तीन, असे ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातून २००४ साली दिसून आले. कोणत्याही रसायनाकडून आपण याहून अधिक अपेक्षा करीत नाही. पुढील तीन महिने प्रत्येक सदस्याने आपल्या नोंदवहीत तंबाखूचा एक स्तंभ वाढवावा आणि त्यात सोडण्याची तारीख, योजलेला क्रम व सहा महिन्यांनंतरची स्थिती लिहावी, अशी विनंती आहे. आपल्या शास्त्रासाठी पुरावा उभा करायचा, तर त्याचा आरंभ या स्तंभापासून होईल.