कारखान्यात साखर तयार होत नाही

साखर कारखान्यात तयार होते, असं गंगाखेड-पाथरीकडे ऊस घालणारा शेतकरीही म्हणतो. खरं तर ती उसातच तयार झालेली असते, ऊन-पाणी आणि हिरव्या पानाच्या भांडवलावर. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यात विरघळलेली साखर, सोबत चिपाड, माती, मेण, रंग. या काल्यातून पांढरा दाणा बाहेर काढायचा आणि तोही परवडेल अशा खर्चात. हे काम केमिकल इंजिनिअरिंगचं आहे.

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणीतरी काका विचारतातच, "केमिकल म्हणजे ॲसिडमध्ये हात घालायचा ना? पोराला केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत, जमेल का?" या एका प्रश्नात दोन गैरसमज आहेत. केमिस्ट्रीत मार्क असले तर बरंच, पण या शाखेत गणित आणि भौतिकशास्त्र जास्त राबतं. रसायनशास्त्रज्ञ चंचुपात्रात एक पदार्थ करून दाखवतो. तोच पदार्थ रोज शंभर टन, एकाच दर्जाचा, कुणाला इजा न होता कसा करायचा, हा इंजिनिअरचा प्रश्न.

त्याचा पहिला धडा वाण्याच्या हिशोबासारखा आहे: आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. याला मटेरियल बॅलन्स म्हणतात. शंभर किलो रस घ्या. त्यात साखर वगैरे विरघळलेलं पंधरा किलो, बाकी पाणी. हा रस आटवून साठ टक्क्यांचा पाक करायचा, तर पाक उरेल पंचवीस किलो आणि पंचाहत्तर किलो पाणी उडवावं लागेल. कागदावर दोन ओळींचं गणित, पण कारखान्याचं बरंचसं इंधन त्यातच खर्च होतं.

गुऱ्हाळात हे पाणी काहिलीतून वाफ होऊन सरळ आभाळात जातं आणि चुलाणात चिपाड जळत राहतं. कारखान्यात एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवते, त्याची वाफ त्याच्या पुढच्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथला रस कमी तापमानालाही उकळतो. अशी चार भांडी जोडली की एक किलो वाफेत एक नव्हे, चारच्या आसपास किलो पाणी उडतं. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिए या न्यू ऑर्लिन्सच्या इंजिनिअरची, पेटंट 1843 चं. त्याची आई कृष्णवर्णीय होती आणि तेव्हा तिथे गुलामगिरी चालू होती. हीट ट्रान्सफर हा विषय शिकवताना हे नाव आवर्जून सांगावं, असं मला वाटतं.

पुढे या पाकातून दाणा धरतात तो पॅनमध्ये; हंगामात रात्रपाळीला तिथे उभं राहून बघण्यासारखं असतं. व्हॅक्यूममुळे आतला पाक साठ-सत्तर अंशांवरच खदखदतो. याहून जास्त तापला तर साखर फुटते, रंग चढतो. पॅनमन एक दांडा आत सारून थोडा पाक काढतो, काचेवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. दाणा एकसारखा आहे की मधेच बारीक नवा दाणा उठलाय? बारीक उठला तर पुढे मळी निथळायची पंचाईत. पाकात साखर किती 'जास्तीची' विरघळली आहे आणि ती दाण्यावर किती वेगाने बसेल, हा मास ट्रान्सफरचा प्रश्न. पॅनमन तो नजरेने सोडवतो, पुस्तक समीकरणाने. दोघांचं उत्तर जुळतं तेव्हा पोतं चांगलं भरतं.

प्रयोगशाळेतली कृती हजारपट केली की कारखाना झाला, ही समजूत तर धोक्याचीच आहे. लग्नाचा आचारी चार माणसांच्या आमटीचं मीठ हजाराने गुणत नाही. एक लिटरचं भांडं हजार लिटरचं केलं, तर त्याच्या भिंती शंभरपटच वाढतात. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला जागा एक दशांश उरते. मळी आंबवून अल्कोहोल करताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. परभणीच्या मे महिन्यात टाकी थंड ठेवली नाही तर ते मरतं आणि सगळा घाणा वाया जातो. पुढे ऊर्ध्वपातन. तिथेही साध्या उकळण्याने अल्कोहोल 95-96 टक्क्यांपुढे जात नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणी झिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांत अडकवून काढावं लागतं.

साखरेबाहेरचा, पण याच शाखेतला आणखी एक अर्धा खरा गैरसमज: "सोयाबीन तेलात पेट्रोल असतं." सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्के. नुसतं दाबून काढलं तर सहा-सात टक्के पेंडीतच राहतं. म्हणून हेक्सेन या पेट्रोलियम द्रावकात तेल विरघळवतात आणि मग हेक्सेन उडवून परत गोळा करतात. ते सत्तर अंशांच्या आतच उकळतं, शिवाय महाग असतं, त्यामुळे तेलात राहू देणं कारखान्यालाच परवडत नाही. रिफाइंड तेलात दशलक्ष भागांत पाच भागांहून जास्त हेक्सेन चालत नाही.

प्रदूषणाची भीती मात्र गैरसमज म्हणून उडवून लावू नये. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर काळपट सांडपाणी निघतं आणि ते ओढ्यात गेलं तर मासे मरतात. त्यातून बायोगॅस काढणं, ते आटवणं, जाळणं हेही याच शाखेतलं काम आहे. ते करायला पैसे लागतात, म्हणून टाळलं जातं.

ही शाखा तशी फार जुनी नाही. मँचेस्टरला जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 मध्ये यावर व्याख्यानं दिली. गाळणं, आटवणं, वाळवणं, ऊर्ध्वपातन या क्रिया साखरेत असोत की औषधात, नियम तेच, हे आर्थर लिटल यांनी 1915 मध्ये मांडलं. मुंबईत हे शिकवणारी यूडीसीटी ही संस्था 1933 ला निघाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथेच शिकले. तीच संस्था आज आयसीटी आहे आणि तिचं एक केंद्र 2018 पासून जालन्यात आहे.

हे शिकायला मुंबई किंवा वापीलाच जावं लागतं, असं सांगणाऱ्यांनी एकदा आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारावी. तिथल्या अन्नतंत्र महाविद्यालयात 1976 पासून हेच गाळणं-आटवणं-वाळवणं शिकवलं जातं, फक्त पाटीवर 'केमिकल' लिहिलेलं नाही. त्या काकांना मी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग पोराला ॲसिड लागणार नाही ना?" म्हटलं, कारखान्यात चुना लागेल, गंधकाचा धूर लागेल, आणि हंगामात झोप मिळणार नाही.