संगणकातले शिसे जाते कुठे?

तीन-चार वर्षांचे मूल. चेहरा फिकट, भूक नाही, अधूनमधून पोट दुखते, शौचाला खडा होतो, हल्ली चिडचिडही वाढलेली. सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात असे मूल रोज येते. हिमोग्लोबिन कमी निघते, जंताचे औषध आणि लोहाचे सिरप दिले जाते, आईला पालेभाज्या-कडधान्ये सांगितली जातात. बहुतेक वेळा हे बरोबरच असते. पण एखाद्या मुलाचे हिमोग्लोबिन औषध नीट घेऊनही वाढत नाही. अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा, जो ओपीडीच्या गर्दीत हमखास राहून जातो. घरातली माणसे काम काय करतात? इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वीच प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारावा, असे लिहून ठेवले आहे. उत्तर ‘भंगाराचे काम’ असे आले आणि त्या भंगारात जुने संगणक, टीव्ही, मोबाइल असतील, तर शिशाचा विचार करावा लागतो.

टेबलावरचा संगणक कुणाला शिसे देत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. जुन्या, मागून फुगीर मॉनिटरच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे घातलेले असे. एका मॉनिटरमध्ये किलोच्या आसपास आणि मोठ्या पडद्यात त्याहून अधिक. सर्किट बोर्डावरचे सुटे भाग जोडणाऱ्या डाखात कथिलाबरोबर ३७ टक्के शिसे असे, कारण हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळते आणि काम सोपे होते. काच अखंड आहे, डाख घट्ट आहे, तोवर शिसे जागच्या जागी बसलेले असते. धोका सुरू होतो तो संगणक फोडताना.

भंगारवाला संगणक वजनावर नेतो. पुढे त्याचे सुटे भाग होतात आणि प्रत्येक भागाचा मार्ग वेगळा. वायरी उघड्यावर जाळून तांबे काढले जाते. वरच्या पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. सर्किट बोर्ड शेगडीवर धरून डाख वितळवतात आणि चिपा चिमट्याने उपटतात. उरलेले बोर्ड तीव्र आम्लात बुडवून सोने सुटे करतात. खाणीतल्या टनभर खडकातून जेमतेम काही ग्रॅम सोने निघते, टनभर सर्किट बोर्डातून त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे हा धंदा नुसत्या दटावणीने थांबत नाही. वापरलेले आम्ल गटारात जाते. प्लास्टिक वितळवून नव्या वस्तू होतात. त्यात आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायने तशीच राहतात, आणि अनेक देशांत केलेल्या तपासण्यांत ती मुलांच्या काळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांतही आढळली आहेत.

या सगळ्याचा मुलांच्या रक्तावर काय परिणाम होतो, याचा सर्वांत ठळक पुरावा चीनमधून आला. ग्वांगडोंग प्रांतातले ग्वियू हे गाव एकेकाळी जगभरातल्या ई-कचऱ्याचे मोठे केंद्र होते. घराघरांत बोर्ड भाजले जात. शांतौ विद्यापीठातील संशोधकांनी तिथल्या सहा वर्षांपर्यंतच्या १६५ मुलांचे रक्त तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर डेसिलिटर रक्तात शिशाची सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम निघाली. शेजारच्या, हा व्यवसाय नसलेल्या गावात ती ९.९ होती. म्हणजे शेजारीही काही स्वच्छ नव्हते! पुढे २०१५ च्या अखेरीस ग्वियूतील कारखाने वस्तीतून काढून औद्योगिक वसाहतीत नेण्यात आले, आणि नंतरच्या अभ्यासांत मुलांमधले शिसे उतरत गेलेले दिसते.

आपल्याकडे दिल्लीतले सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद या कामासाठी ओळखले जातात. मुंबईतही भंगाराच्या गल्ल्यांमध्ये संगणक सुटे केले जातात. पण भारतातील मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक काळजीची आहे. मुळातच लहान मुलांच्या आतड्यातून मोठ्यांच्या तुलनेत चार-पाच पट शिसे शोषले जाते. शरीरात लोह कमी असेल, तर आतडे लोहाच्या शोधात असताना शिसेही अधिक ओढून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के. आत गेलेले शिसे पुन्हा हिमोग्लोबिन तयार होण्याच्या आड येते, म्हणजे रक्तक्षय आणखी वाढतो. त्याहून वाईट, ते वाढत्या मेंदूत शिरते आणि बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर परिणाम करते. हे नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. उरलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. या मुलींपैकी कुणी पुढे आई होईल, तेव्हा ते हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचू शकते.

विषारी द्रव्ये मुळात कमी वापरावीत, हा उपाय युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून लागू केला. शिसे, पारा, षटसंयोजी क्रोमियम आणि दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त रसायने ०.१ टक्क्याच्या आत, कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत. उद्योगाने कुरकूर केली, कारण शिसेविरहित डाखाला तीस-पस्तीस अंश जास्त तापवावे लागते. पण डाख बदलला. भारताच्या २०११ च्या नियमांत हेच निकष आले आणि मे २०१४ पासून ते बंधनकारक झाले. याचा अर्थ सरळ आहे: नव्या लॅपटॉपमध्ये शिसे फारच कमी. जे आहे ते माळ्यावरच्या, कपाटामागच्या आणि कार्यालयांच्या अडगळीतल्या जुन्या यंत्रांत.

सरकारी अडगळीचे तर विचारूच नये. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असलेला बंद संगणक निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहत वर्षे काढतो, आणि मंजुरी आली की लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे त्याची रवानगी होण्याची शक्यता असते. २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे, मोठ्या वापरकर्त्यांनी ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायचा आहे. लिलावाच्या कागदात ही अट घालायला पैसे लागत नाहीत.

घरच्या संगणकाचे काय? बरेचदा रॅम वाढवून आणि एसएसडी बसवून तो आणखी चार वर्षे चालतो, आणि हा उपाय सर्वांत स्वच्छ. टाकायचाच असेल तर कंपनीच्या परतखरेदी योजनेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा. फोटो आणि बँकेचे तपशील यांच्या धास्तीने लोक संगणक ठेवून देतात. हार्डडिस्क आधी काढून घेतली की ती धास्ती संपते. फुगलेली बॅटरी मात्र टोचू नये, दाबू नये. भंगारवाला चार पैसे जास्त देईल हे खरे, कारण आम्ल गटारात ओतण्याचा खर्च त्याच्या साखळीत कुणीच भरत नाही.

राहता राहिले ते फिकट मूल. रक्तातले शिसे मोजण्याची सोय सगळीकडे नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण मुलांमध्ये ती साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या वर द्यायची असतात. त्याखालच्या मुलांसाठी लोह, कॅल्शियम, आणि शिसे जिथून येते ती वाट बंद करणे एवढेच उपचार. शेगडी घराबाहेर, शक्यतो वस्तीबाहेर. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे. कामाचे कपडे वेगळे धुणे. आणि संध्याकाळी घरी आलेल्या बापाने आंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकराला उचलून घेणे.