पाहुण्याचे पाणी

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरातल्या हॉटेल व्यवसायाचे सारे गणित या एका ओळीत आहे. सोमवारी उतरलेला प्रवासी आधी वेरूळ करतो, मंगळवारी उतरलेला आधी अजिंठा. दोन्ही पाहायचे तर दोन रात्रींचा मुक्काम ठरलेला. वेरूळ ३० किलोमीटर, वाटेत दौलताबाद आणि खुलताबाद. अजिंठा दुसऱ्या दिशेला १०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पुरा दिवस. सकाळी गाडीत बसायचे, संध्याकाळी धुळीने माखून परतायचे, आंघोळ करायची. शहराच्या वाट्याला येतात ते शेवटच्या दिवशी विमान किंवा रेल्वेगाडी पकडण्याआधीचे दोन-तीन तास. त्यात बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकली जाते.

'उरकली जाते' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पाणचक्कीला बहुतेकांची पंधरा-वीस मिनिटे जातात. भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी, दगडी जाते, एक छायाचित्र, की झाले. आपण राहतो ते हॉटेल आणि आपण पाहतो ते हे 'स्थळ' यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. पण पाणचक्की मुळात पाहायची जागा नव्हतीच. ती पाहुण्यांची सोय होती. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी साधूचा हा तकिया. मशीद, मदरसा, कचेरी आणि सराई असा तो सगळा परिसर आहे. इथे उतरणारे फकीर, यात्रेकरू, विद्यार्थी यांच्या जेवणासाठी धान्य दळायचे, म्हणून अठराव्या शतकात ही पाण्यावरची चक्की बसवली गेली. आजच्या भाषेत बोलायचे तर हे एका मोठ्या धर्मशाळेचे स्वयंपाकघर आहे. साधूचे नावच मुसाफिर, हा योगायोगही छान जुळून आला आहे.

या चक्कीला लागणारे पाणी आले कुठून, हे समजले की शहर समजते.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. नावातच गावाची अडचण आहे. खाली काळा कातळ, पाऊस बेताचा, जवळून वाहते ती खाम नदी. तिला बारमाही म्हणणे धाडसाचे. फौज, कारागीर, व्यापारी, घोडे, हत्ती आणून बसवायचे तर पाणी आधी हवे. अंबरने ते उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला शोधले. डोंगरावर पडलेला पाऊस सच्छिद्र थरांतून झिरपत खाली येतो आणि पायथ्याशी जमिनीखाली साचतो. त्या साठ्याच्या पोटात बांधीव भुयारी मार्ग काढायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा आणि पाणी आपल्या वजनाने शहराकडे चालत येऊ द्यायचे, ही त्यामागची युक्ती. वाटेत बाजूच्या भिंतींतूनही पाणी पाझरून त्यात मिळत राहते. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत उभे झरोके ठेवलेले असतात. त्यांतून हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणले त्या योजनेत यांनाच 'उच्छ्वास' म्हणतात. शहराजवळ आल्यावर हे पाणी खापराच्या नळांत शिरते. मध्ये मध्ये विटा-चुन्याचे मनोरे उभे केलेले. पाणी त्यांत वर चढते, दाब मोडतो, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढच्या नळाला लागते. ही नहर-ए-अंबरी. कोठेही मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. अंबर १६२६ मध्ये वारला. औरंगजेबाने १६५३ मध्ये शहराला आपले नाव दिले, मोगलांनी तटबंदी, दरवाजे, बागा उभारल्या. पण वाढत्या वस्तीला त्यांनी पाणी पाजले ते अंबरचीच रीत पुढे चालवून. नंतरच्या काळात अशा डझनभर नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातली थत्ते नहर त्यांतलीच, आणि पाणचक्कीची नहरही. जटवाड्याकडच्या डोंगरातून काही किलोमीटर भुयाराने येऊन ते पाणी भिंतीतल्या नळातून वर चढते, हौदात पडते आणि त्याच्या जोरावर खालचे आडवे चाक फिरते. चाकाचा उभा दांडा थेट जात्याला जोडलेला. मध्ये दंतचक्रांची भानगड नाही. हौदाच्या खाली एक दालन आहे. छतावर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही गार राहते, आणि तिथे मुक्कामाला असलेले लोक बसत.

असे पाहू लागले की या परिसरातली बहुतेक सगळी 'स्थळे' मुक्कामाची आणि पाण्याची निघतात. बीबी का मकबऱ्यासमोरचे लांब हौद आणि कारंजी हे तर उघडच. दौलताबादच्या किल्ल्यात शिरले की डावीकडे हत्ती हौद लागतो. मार्गदर्शक घाईने चांदमिनार दाखवायला पुढे नेतात, पण इथे जरा थांबावे. त्याची क्षमता सुमारे १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचे हजार टँकर. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीचा दरबार इथे हलवला, त्याला लहरीपणाचे उदाहरण म्हणून आपण शाळेत शिकतो. पण त्या काळच्या माणसांना पहिला प्रश्न पडला असेल तो प्यायच्या पाण्याचा, आणि किल्ल्यातले हौद, बावड्या, तलाव पाहिले की त्या प्रश्नाचा आवाका कळतो. वेरूळला घृष्णेश्वराजवळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखले जाणारे पायऱ्यांचे कुंड आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना यात्रेकरू आंघोळ कुठे करणार, याचाही विचार झालेला दिसतो. लेण्यांत तर मुक्काम हाच मूळ हेतू. अजिंठ्याचे विहार हे भिक्षूंचे पावसाळ्यातले घर: मधोमध दालन, तिन्ही बाजूंनी निजायच्या खोल्या. खाली वाघूर नदी आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. आपण चित्रे पाहायला जातो, ते रास्तच आहे. पण ती चित्रे कुणाच्या तरी राहत्या घराच्या भिंतींवर आहेत.

आधुनिक प्रवाशाचा मुक्काम मात्र बराच काळ हालाचा होता. लेण्यांच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ पासून आलेला रॉबर्ट गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. लेडी हेरिंगहॅम १९०९ नंतरच्या हिवाळ्यांत नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांना घेऊन आल्या, त्या तंबू ठोकूनच राहिल्या. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली आणि पाहुण्यांचा ओघ औरंगाबादकडे वळला. निजामाच्या रेल्वेने स्टेशनजवळ स्वतःचे हॉटेल काढले. वेरूळ-अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याच सुमारास वाळूजला कारखाने येत होते. त्यामुळे इथल्या मोठ्या हॉटेलांना दोन प्रकारचे गिऱ्हाईक मिळाले: हिवाळ्यात लेणी पाहणारे आणि बारा महिने कारखान्यांच्या कामाने येणारे. चिकलठाणा विमानतळाच्या रस्त्यावर आणि सिडको भागात हिरवळ, पोहण्याचा तलाव, कारंजे असलेली हॉटेले उभी राहिली, त्यामागे ही दुहेरी मागणी आहे. अलीकडे पुण्या-मुंबईची मंडळी लांब सुटीत नुसती 'हॉटेलात राहायला' म्हणूनही येतात. शनिवार-रविवार तलावाच्या काठाने, जमले तर वेरूळ.

आता याच शहरातल्या घरात जाऊ. इथे नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लांबते. पाण्याचा दिवस घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. त्या दिवशी लग्नाला जायचे नाही, रजा शक्यतो त्याच दिवशी टाकायची. ड्रम, पिंप, टाक्या, हंडे भरले की पुढची फेरी येईपर्यंत ते पुरवायचे. नियोजनाच्या प्रचलित मानकांत शहरी माणसाला रोज १३५ लिटर आणि हॉटेलात दर खाटेमागे १८० लिटर पाणी धरतात. कागदावरचा हा फरक फार नाही. खरा फरक असा की हॉटेलचे १८० लिटर रोज मिळतात, कारण ते नळाचे नसतातच. विंधनविहिरीचे आणि टँकरचे असतात. त्यात बेकायदेशीर असे काही नाही. सोसायट्याही तेच करतात. मात्र पाहुण्याचे पाणी आणि यजमान शहराचे पाणी इथे पहिल्यांदाच वेगवेगळ्या वाटांनी येऊ लागले, हे नोंदवायला हवे. पाणचक्कीत फकीर आणि पेठेतला माणूस एकाच डोंगराचे पाणी पीत होते.

ही वेळ का आली, याची कारणे सांगताना नेहमी लोकसंख्येकडे बोट दाखवले जाते. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचे होते, आणि नहरींना ते पेलवले नसते हे खरेच आहे. पण दिशा बदलली, हे कारण मला अधिक मोलाचे वाटते. नहरींचे पाणी वरून खाली येत होते. जायकवाडीचे खालून वर न्यावे लागते. पैठणचा नाथसागर सुमारे ५० किलोमीटर दूर आणि शहरापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आहे. धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, शहराला पाण्याचा अमाप साठा मिळाला. त्याबरोबर पंप, वीज, जलवाहिनी आणि त्यांची बिले ही कायमची सोबतही मिळाली. वाहिनी फुटली, वीज गेली, की सगळे वेळापत्रक पुढे सरकते. धरण भरलेले आणि नळ कोरडा, हे दृश्य इथे नवीन नाही. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि नंतर तिचा खर्च बराच वाढला. तीही अर्थात पाणी वर चढवणारीच आहे. दुसरा मार्ग आता नाही, हे मान्य. पण धरण आले तेव्हा नहरी निकामी झालेल्या नव्हत्या. त्या हळूहळू निकामी केल्या गेल्या. कुठे झरोक्यावर घर चढले, कुठे रस्ता खोदताना खापराचा नळ फुटला, कुठे भुयारात सांडपाणी सोडले गेले. नहर जमिनीखाली असल्याने ती मेली हे दिसत नाही. शहराच्या नावावरून जितकी शाई खर्च झाली, तिच्यातली थोडी या भुयारांवर खर्च व्हायला हरकत नव्हती.

पर्यटनाच्या दृष्टीने पाहिले तरी हा तोट्याचा व्यवहार आहे. मुक्काम एका रात्रीने वाढावा ही हॉटेलवाल्यांची जुनी इच्छा आहे. त्यासाठी महोत्सव होतात, रोषणाई होते. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जातून भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले, लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या गेल्या, २०१३ मध्ये ते सुरू झाले आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले. ज्या डोंगरात भिक्षूंनी दगडात टाकी खोदून पावसाचे पाणी वर्षभर पुरवले, त्याच्याच पायथ्याला पाण्याचे बिल भरवले नाही. उलट या शहराकडे दाखवण्यासारखी, दुसरीकडे सहसा न मिळणारी गोष्ट आहे: चारशे वर्षांपूर्वीची पाण्याची वाट, डोंगरापासून जात्यापर्यंत पायी चालत जाता येईल अशी. उगमाकडची विहीर, शेतातले झरोके, बेगमपुऱ्यातली नहर, मनोरे, शेवटी पाणचक्की. सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला शहागंजात नान-खलिया खायला पोचता येईल. यासाठी प्रतिकृती नकोत, आधी फक्त गाळ काढायला हवा. नहरीत पाणी खेळते राहिले तर भोवतालच्या वस्त्यांना निदान वापरायचे पाणी मिळेल, हा लाभ वेगळाच.

पाणचक्की अजून चालते. मात्र उन्हाळ्यात धार बारीक होते आणि कधी पार थांबते. तेव्हा तिकीट काढून आत आलेला प्रवासी कोरड्या भिंतीकडे पाहतो, चाक का फिरत नाही असे विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते की पावसाळ्यात या.