गोंदियाहून ब्रिटनमध्ये सर्जरी करायला जायचं असेल तर

आपल्या गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ ला सुरू झालं. तिथून डॉक्टर होऊन ब्रिटनकडे डोळे लावलेल्यांचा पहिला प्रश्न हमखास व्हिसाचा असतो. खरं तर तो शेवटचा! नोकरी मिळाली की स्पॉन्सरशिपचं पत्र रुग्णालयच देतं. ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ व्हिसावर आरोग्य अधिभारही माफ.

अवघड आहे ते तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. त्यासाठी प्लॅब ही परीक्षा द्या, किंवा सर्जरीच करायची हे पक्कं असेल तर एमआरसीएस या सर्जरीच्या परीक्षेचे दोन्ही भाग. मी तर एमआरसीएसच सांगेन. शिवाय इंग्रजीच्या आयएलटीएस परीक्षेत एकूण ७.५ हवेत, कुठल्याही भागात ७ च्या खाली नको. निघण्याआधी इथला सरकारी सेवेचा बाँड पूर्ण करा, आणि इथल्या केटीएस रुग्णालयात असिस्ट केलेलं प्रत्येक ऑपरेशन लॉगबुकात नोंदवा.

जागा ‘एनएचएस जॉब्स’ आणि ‘ट्रॅक’वर निघतात. ट्रेनिंगच्या जागांत आता तिथल्याच पदवीधरांना झुकतं माप द्यायचं धोरण आहे, म्हणून ‘क्लिनिकल फेलो’, ‘ट्रस्ट ग्रेड’ अशा ट्रेनिंगबाहेरच्या जागांवरही नजर ठेवा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला सरळ हाकला. उमेदवाराकडून तसे पैसे घेणं ब्रिटिश कायद्यात बसत नाही.