क्रिएट मॉडचं स्टीम इंजिन दम का धरत नाही? पाणी, टाकी आणि बर्नरचा हिशोब

माइनक्राफ्टमध्ये क्रिएट मॉड टाकून कारखाना उभारणाऱ्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो: "खाली ९ बर्नर पेटवलेत, तरी इंजिन ढिम्म का?" मग सगळे आणखी कोळसा ओततात. माझ्या मते बहुतेक वेळा उष्णता कमी नसतेच.

इंजिनिअर्स गॉगल्स घाला आणि टाकीकडे बघा. आकार, पाणी आणि उष्णता असे तीन पट्टे दिसतील. बॉयलरची लेव्हल त्यातल्या सगळ्यात छोट्या पट्ट्याएवढीच राहते. एका लेव्हलला टाकीचे ४ ब्लॉक लागतात. म्हणजे ३ बाय ३ ची टाकी २ ब्लॉक उंच असेल, तर १८ ब्लॉक झाले आणि लेव्हल मिळाली फक्त ४. बाकी ५ बर्नर फुकट जळतायत! ९ लेव्हल हवी असेल तर टाकी ४ ब्लॉक उंच करा. बर्नरमध्ये इंधन संपलं असेल, तर तो नुसता धुमसतो आणि लेव्हलमध्ये काहीच भर घालत नाही, हेही तपासा.

खरी गंमत पाण्यात आहे. प्रत्येक लेव्हलला दर टिकला १० मिलिबकेट पाणी लागतं, म्हणजे ९ लेव्हलला ९०. पंप १२८ आरपीएमवर फिरत असेल तर ६४ च देतो. पंपाचा वेग वाढवा, नाहीतर दुसरा पंप जोडा.

आता सगळ्यात चिवट बिघाड. बरेच जण पंप त्याच इंजिनावर चालवतात. एकदा इंधन संपलं की इंजिन थांबतं, पंप थांबतो, टाकीला पाणी मिळत नाही. नंतर कितीही कोळसा टाका, काही हलत नाही. रात्रभर जागून बांधलेला कारखाना बंद, आणि मित्राला वाटतं वर्ल्डच करप्ट झालं. वर्ल्ड डिलीट करू नका! पंपाला वेगळं वॉटर व्हील द्या. आपल्या संभाजीनगरची पाणचक्की आठवा: डोंगराकडून नळाने आलेल्या पाण्यावरच जातं फिरायचं, आगीचा संबंधच नाही.

इंजिनं मोजायचीही विसरू नका. लेव्हल ३ वर ९ इंजिनं लावली, तर प्रत्येकाला तिसरा हिस्साच मिळतो.

आणि हो, मोबाईलवर जावा एडिशन खेळत असाल तर मे महिन्यात खरा बॉयलर हातातच असतो. फोन तापला की प्रोसेसर वेग कमी करतो, गेम अडखळतो आणि मशीन बिघडल्यासारखं दिसतं. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, रेंडर डिस्टन्स कमी करा, आणि मगच गॉगल्स घाला.